शब्दचर्चा: उल्का की अशनी?

डिचोलीहून

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी फलक केला आहे: ‘वाळवंटात गोळा केलेल्या उल्का’. एका पालकांनी हरकत घेतली की उल्का गोळा करता येत नाही. मग ‘अशनी’ लिहायचं का? मुलांना तो शब्द परका वाटतो. शिवाय तो अशनी, की ती?

फोंड्याहून

बाई, पालकांचं म्हणणं बरोबर आहे. उल्का म्हणजे आकाशात उमटणारी उजेडाची रेघ, जिला आपण ‘तारा तुटला’ म्हणतो. ती क्षणात विझते. वातावरणात जळूनही जो उरतो आणि जमिनीवर येऊन पडतो, तो दगड म्हणजे अशनी.

शब्द परका वाटला तरी जुना आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेत उल्कांचे पाच प्रकार सांगितले आहेत: धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् आणि तारा. त्यातली अशनि मोठा आवाज करत, चक्रासारखी फिरत, माणसांवर, हत्तीघोड्यांवर, घरांवर, झाडांवर कोसळते आणि जमीन फाडते. संस्कृतात अशनि म्हणजे वज्रही आणि वीजही, त्यामुळे त्या वर्णनात वीज मिसळलेली असणारच. तरीही जमिनीला भिडणाऱ्या वस्तूसाठी हाच शब्द निवडणाऱ्यांची जाण मला फार मोलाची वाटते. हा शब्द मुलांच्या हाती द्यावाच.

संस्कृतात तो दोन्ही लिंगी चालतो. मराठीत मात्र ‘उल्का दिसली’ आणि ‘अशनी सापडला’ असं रूढ आहे. अनेकवचनातही अशनीच.

साखळीहून

माझा अडखळा ‘वाळवंट’ या शब्दाशी आहे. आमच्या गावातून वाळवंटी नदी वाहते. पंढरीचं वाळवंट म्हणजे चंद्रभागेचा काठ. मुलांच्या डोळ्यांपुढे वाळूच येणार, आणि अशनी शोधणारे तर वाळूच्या टेकड्या टाळतात! तिथे दगड पुरला जातो. त्यांना हवे असतात सहारातले किंवा ओमानमधले उघडे, फिकट रंगाचे, खडीचे माळ. फिकट जमिनीवर काळा दगड लांबून उठून दिसतो, आणि हवा कोरडी असल्याने त्यातलं लोखंड लवकर गंजत नाही. आपल्या पावसात तो इतका टिकणार नाही. फलकावर ‘मरुभूमी’ किंवा सरळ ‘कोरडे माळ’ लिहा.

वास्कोहून

अंटार्क्टिकाही कोरडं वाळवंटच आहे, तेही बर्फाचं. तिथल्या भारतीय मोहिमा आखणारं केंद्र आमच्या वास्कोत आहे, म्हणून हे आवर्जून लिहितो. 1969 मध्ये जपानी पथकाला तिथल्या यामातो पर्वताजवळच्या बर्फावर नऊ अशनी मिळाले, आणि त्यानंतर तिथे पद्धतशीर शोध सुरू झाला.

आणखी एक भेद मराठीत पाळायला हवा: ‘पडताना पाहिलेला’ आणि ‘नुसता सापडलेला’. 1865 मध्ये बिहारात शेरघाटीला पडलेला अशनी पहिल्या प्रकारातला. पुढे तो मंगळावरचा ठरला आणि तशा दगडांना त्याच गावावरून ‘शेरगोटाइट’ नाव मिळालं. वाळवंटातले बहुतेक दुसऱ्या प्रकारातले. तिथे जवळपास गाव नसतं, म्हणून प्रदेशाचं नाव आणि क्रमांक देतात: धोफार 025, नॉर्थवेस्ट आफ्रिका 7034.

डिचोलीहून

सगळ्यांचे आभार. फलक बदलते. पण आमच्या खाणपट्ट्यातली मुलं आता प्रत्येक जड काळा दगड घेऊन येतात आणि ‘अशनी का?’ म्हणून विचारतात. काय सांगू?

फोंड्याहून

त्यासाठी ‘कस’ हा शब्द द्या. सोन्याचा कस तसा खनिजाचाही कस असतो: खरबरीत, बिनचकाकीच्या पांढऱ्या फरशीवर घासल्यावर उमटणारी रेघ. फरशीची मागची बाजू चालते. हेमॅटाइट आणि मॅग्नेटाइट ही लोखंडाची खनिजं: पहिल्याचा कस तांबडा, दुसऱ्याचा काळा. ताज्या अशनीची सहसा रेघच उमटत नाही. मग बाहेरून पाहायचं: वितळून झालेली पातळ काळी साल आहे का? आत बुडबुड्यांची भोकं दिसली तर तो बहुधा भट्टीतला मळ. अशनीच्या ताज्या तुकड्यात पुष्कळदा धातूचे चमकते कण दिसतात, कॉन्ड्राइट नावाचा दगडी अशनी असेल तर बारीक गोल दाणेही. खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते. लोखंडातलं निकेल तिथे मोजतात.

वास्कोहून

आणि मुलांच्या हातातलं चुंबक आधी काढून घ्या. बहुतेक अशनी चुंबकाला ओढ दाखवतात, म्हणून विकणारे आणि शोधणारे सर्रास चुंबक लावून पाहतात. पण दगडात कोट्यवधी वर्षं जपलेली मूळ चुंबकीय नोंद त्या एका स्पर्शाने पुसली जाते. वर लिहिलेला नॉर्थवेस्ट आफ्रिका 7034 हाही मंगळावरचाच; त्याच्या तुकड्यांचं असंच नुकसान झाल्याचं 2023 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. फलकावर ‘तपासणी’ या शीर्षकाखाली कस घ्या, वजन घ्या, भिंगातून पाहा; चुंबक नको.