प्रतिसाद: काळजी की कोडकौतुक?
वर कुणीतरी लिहिलंय की बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या निवासात त्यांची काळजी घेणाऱ्या ताई पगारापुरतंच करतात. रत्नागिरीकडच्या आमच्या ओळखीच्या निवासात मला उलटंच दिसतं, त्या जरा जास्तच करतात. चाळिशीचा माणूस, हात धड चालतात, तरी बांगड्याचे काटे काढून घास भरवणार. "लेकरूच आहे हो ते!" बौद्धिक अक्षमता म्हणजे कायमचं मूल, ही समजूत पक्की. (घरचे तरी वेगळं काय करतात म्हणा.) अशा व्यक्तींच्या कल्याणासाठीचा राष्ट्रीय न्यास कायदा १९९९चा, त्याखालची सामूहिक निवासाची मूळ 'घरौंदा' योजना तर १८ वर्षांवरच्यांसाठीच होती, म्हणजे कागदावर सगळे प्रौढ. पण स्वतःच्या हाताने जेवू द्यायचं तर वेळ लागतो, आणि ताई एकटी. नुसतं प्रशिक्षण देऊन भागणार नाही, जेवणाच्या वेळेला आणखी एक माणूस द्या.