एकाच भेर्लीमाडाचं बी लावलं तर चालेल का?

परसाकर: संगमेश्वरकडे आमच्या परड्यात दोनच भेर्लीमाड (माशाच्या शेपटीसारख्या पानांचे माड) उरलेत, एक वरनं खाली फुलत शेवटच्या तुऱ्यापर्यंत आलाय म्हणजे आता मरणारच, त्याचंच बी सगळीकडे टोचू का?

रानवेडा: नको हो, सगळी भावंडंच होतील. फुलं तिनाच्या घोसात, मधलं मादी, बाजूचे दोन नर, नि नर आधी उमलून गळतात, म्हणजे पराग बहुतेक दुसऱ्या झाडावरनं मधमाश्यांनीच आणायचा, आणि ती दोन झाडंही सख्खी भावंडं निघाली तर जनुकं तीच तीच फिरणार.

सड्यावरची: देवराईतल्या चार-पाच लांबलांबच्या झाडांखालचं मिसळा, उदमांजराच्या विष्ठेतलं मिळालं तर उत्तमच, ते लांबून आलेलं असू शकतं. फळं नुसत्या हाताने सोलू नका, भयंकर खाजतं!

परसाकर: हातमोजे आणतो 😄