छातीवर २२ लिहून उडी मारली की कोण वाचतं?

निवडुंग (ऑस्टिन)
परवा रानवाटा यांनी इथे फोटो टाकला. तेरा हजार फुटांवरून पॅराशूट उडी, जर्सीवर भला मोठा २२ (रोज बावीस माजी सैनिक आत्महत्या करतात, या अर्थाचा), खाली माजी सैनिकांच्या मेंदू-संशोधनासाठी देणगीची लिंक आणि ही ओळ: "आमची प्रत्येक उडी एका माजी सैनिकाचा जीव वाचवते." दोन दिवस ती ओळ डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

आमचा शेजारी इराकमध्ये मॉर्टरवर, म्हणजे उखळी तोफेवर होता. अंगावर ओरखडा नाही, एमआरआय स्वच्छ. पण गराजच्या भिंतीवर खिळ्याला एक वही टांगलेली असते. गाडी कुठे लावली, कुत्र्याला खायला घातलं का, मुलीच्या शिक्षिकेचं नाव काय, सगळं तीत. ऊन चढलं की डोकं धरून आत जाऊन बसतो. गेल्या जूनमध्ये संध्याकाळी बेल वाजली. दारात तो, हातात बंदुकांच्या तिजोरीची किल्ली. म्हणाला, "ही तुमच्याकडे राहू दे. मी मागितली तरी देऊ नका." ती किल्ली आजही आमच्या देवघराच्या खणात, उदबत्तीच्या पुड्याखाली आहे. तो आज आहे तो त्या किल्लीमुळे.

आणि तो २२ आकडा! अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या २०१२ च्या अहवालातला, २१ राज्यांच्या मृत्यूदाखल्यांवरून काढलेला अंदाज आहे तो. त्यातले बहुतेक पन्नाशी ओलांडलेले होते. २०२२ सालात ६,४०७ माजी सैनिकांनी आत्महत्या केली, म्हणजे दिवसाला सतरा-अठरा. त्यातल्या शेकडा ७३ जणांच्या हातात बंदूक होती. हे का नाही छापत जर्सीवर?

रानवाटा (सॅन दिएगो)
"जीव वाचवते" हे जास्त झालं. ओळ काढली. आता माझंही ऐका. उडीचा खर्च मी खिशातून केला, देणगीतला एक सेंटही त्यात नाही. ऑफिसात सहा वर्षं माझ्या शेजारी बसणाऱ्या माणसाने तो व्हिडिओ पाहिला आणि जेवायच्या सुट्टीत पहिल्यांदा आपल्या भावाबद्दल बोलला. पाऊण तास. डबा तसाच राहिला. तुमची टक्केवारी वाचून तो बोलला असता का?

आणि हे फक्त माझ्यासारख्या हौशी लोकांचं नाही. 'फाइट ऑर डाय' हा माजी सैनिकांचाच, होडी वल्हवणारा संघ आहे. ला गोमेरा ते अँटिग्वा, अटलांटिकचे तीन हजार मैल, दोन तास वल्ही आणि दोन तास झोप, असं दिवसरात्र. त्यांना जाऊन सांगा की हा देखावा आहे.

पै_पै
देखावा म्हणायचं नसेल तर हिशेब मागू द्या. वुंडेड वॉरियर प्रोजेक्ट या जखमी सैनिकांसाठीच्या अमेरिकी संस्थेचं प्रकरण विसरलात? देणगीच्या पैशांच्या उधळपट्टीचे आरोप झाले होते. मुख्याधिकारी कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात हॉटेलच्या भिंतीवरून दोराने उतरले होते. मार्च २०१६ मध्ये संचालक मंडळाने त्यांना आणि त्यांच्या खालच्या अधिकाऱ्याला घरी पाठवलं. मी तोवर दर महिन्याला पैसे भरत होतो. त्या दिवशी बंद केले.

रानवाटा
आणि त्याच मंडळाने काही आरोप चुकीचे होते असंही सांगितलं, ते तुम्ही गाळलंत. पैसे बंद करून कोणाचं नुकसान झालं?

न्यूरो_पुणे
एक मूळ मुद्दा राहतोय. स्फोटाच्या लाटेने होणारी इजा एमआरआयमध्ये दिसतच नाही. डॅनियल पर्ल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त दाखवलं ते मृत सैनिकांच्या मेंदूत. मेंदू आणि द्रव जिथे भिडतात, करडा आणि पांढरा भाग जिथे भिडतो, तिथे बारीक व्रण. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, जिवंतपणी नाही. म्हणून या संशोधनाला मेंदूदान लागतं, मेंदूपेढी लागते, वर्षानुवर्षं पगार लागतात. रानवाटा, पैसा तिथे जात असेल तर माझी हरकत नाही. फक्त पॅराशूट झटक्याने उघडलं तर मानेला काय होतं, ते तुम्हाला ठाऊक असेलच.

माजी_हवालदार (सातारा)
सगळं वाचलं. अमेरिकेच्या सैनिकांसाठी केवढी तळमळ. ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो, त्या डब्यात कोणी किती टाकले ते सांगा की. मीही ८४ मिलिमीटर रॉकेट लाँचर डागलाय. खांद्यावर ठेवून. छातीत आणि दातांत एकदम बसतो. रेंजवरून आलो की जेवण जात नसे, रात्रभर कानात शीळ. आम्हाला कोणी विचारलं?

रानवाटा
काका, धागा अमेरिकेतल्या निधीबद्दल आहे. प्रत्येक ठिकाणी "आपल्याकडे का नाही" आणायलाच हवं का?

निवडुंग
आणायलाच हवं! तोच लाँचर, तोच धक्का. अमेरिकेत सरावात दिवसाला किती डागायचे याला मर्यादा आहे, म्हणजे त्यांनाही कळलंय. काकांना गप्प बसवू नका. माझे आजोबा साताऱ्याजवळच्या आपशिंग्याचे, त्या फौजींच्या गावचे, त्यांनाही कोणी काही विचारलं नव्हतं.

रानवाटा
गप्प बसवत नाहीये. पण "तुम्ही किती टाकले" ही भाषा नको. मी दर वर्षी टाकतो.

माजी_हवालदार
टाकत असशील तर शब्द मागे घेतो. बाकीचे घेत नाही. खडकीला जखमी जवानांसाठी १९१७ साली स्थापन झालेली संस्था आहे, पाय गेला, हात गेला तर तिथे पाठवतात. ज्याचं आतलं गेलं त्याने कुठे जायचं? मला गेली चार वर्षं नातवंडांची नावं चटकन येत नाहीत. घरचे म्हणतात वय झालं.

न्यूरो_पुणे
हवालदारसाहेब, वय असेलही, पण इथे बसून मी सांगणार नाही, तुम्हीही ठरवू नका. ऐकू येणं, झोप, स्मरणशक्ती तपासून घ्या, आणि किती वर्षं कोणती हत्यारं चालवलीत ते डॉक्टरांना आपणहून सांगा. ते विचारणार नाहीत. मन फार खचलं तर १४४१६ वर टेली-मानस ही सरकारी मदतवाहिनी आहे, मराठीत बोलतात.

पै_पै
हे मात्र कामाचं. रानवाटा, ती लिंक पुन्हा द्या. पैसे मेंदूपेढीकडे जातात हे आधी त्यांच्या हिशेबात बघेन, मग भरेन.

रानवाटा
देतो. पुढच्या उडीला २२ नसेल. शेजाऱ्याला किल्ली द्या, असं पाठीवर लिहायचा विचार आहे. ताई, तुमच्या शेजाऱ्याला विचारून सांगाल का, त्याला चालेल?

निवडुंग
विचारते. नाही म्हणाला तर नाही.

माजी_हवालदार
निवृत्तीनंतर मी बँकेत गार्ड होतो. त्या वेळची बारा बोअर अजून घरात आहे, लायसन चालू आहे. पोरी, तुझी ती किल्लीची गोष्ट काल रात्री मंडळींना वाचून दाखवली. ती काही बोलली नाही. सकाळी मीच कपाटाची चावी सुनेकडे दिली. मंगळवारी तपासायला जातोय.