'ड्यून: भाग दोन' – त्या शिट्ट्या कुणासाठी होत्या?

वडाळेकर

मार्च २०२४ मध्ये लोअर परळला आयमॅक्सवर 'ड्यून: भाग दोन' पाहिला होता. गेल्या आठवड्यात घरी आईबरोबर पुन्हा पाहिला आणि मित्रांमध्ये तेव्हा झालेला वाद परत उकरून निघाला. म्हणून हा धागा. शेवट सांगितला आहे, पाहिला नसेल त्यांनी इथेच थांबा.

गोष्ट थोडक्यात अशी. अराकिस हा वाळवंटी ग्रह. तिथल्या वाळूत 'स्पाइस' मिळतं आणि त्याच्याशिवाय ताऱ्याताऱ्यांमधला प्रवास ठप्प. त्यामुळे अराकिस ज्याच्या ताब्यात, तिजोरी त्याची. पहिल्या भागात (२०२१) हार्कोनेन घराणं सम्राटाच्या मदतीने अट्रायडीस घराण्याचा काटा काढतं. वारस पॉल आणि त्याची आई जेसिका जीव वाचवून अराकिसच्या मूळ रहिवाशांच्या, फ्रेमेन लोकांच्या आश्रयाला येतात. दुसऱ्या भागात हा पॉल त्यांच्यातला एक होतो, मग त्यांचा माहदी, म्हणजे भाकितातला तारणहार होतो, आणि शेवटी थेट सिंहासनावर हक्क सांगतो.

माझ्या मते दिग्दर्शक दनी विलनव्हने मोठी हिंमत केली आहे. पॉल दक्षिणेतल्या सभेत उभा राहून गरजतो, त्या प्रसंगाला आमच्या शोमध्ये शिट्ट्या पडल्या. मीही टाळ्या वाजवल्या. पण त्याच्या जरा आधी चानी, पॉलची फ्रेमेन प्रेयसी, त्याच गर्दीला जीव तोडून सांगत असते की ही भाकितं आपल्याला गुलाम करायलाच पेरली आहेत. तिचं कुणी ऐकत नाही. थिएटरात आम्हीही ऐकलं नाही. शेवटी सम्राटाच्या दालनात सगळे पॉलपुढे झुकतात, ती एकटी ताठ उभी राहते आणि तोंड फिरवून निघून जाते. तेव्हा माझे हात मला जड झाले. मसीहाच्या मोहात प्रेक्षकाला पाडायचं आणि मग त्याला त्याचीच टाळी ऐकवायची, हे इतक्या मोठ्या खर्चाच्या सिनेमात मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पुस्तकवाली

पूर्ण असहमत. शिट्ट्या पडल्या याचा अर्थ सिनेमा हरला. मसीहापासून सावध राहण्याचा इशारा द्यायचा होता ना? मग लोक तो प्रसंग पाहून पेटून का उठले? पार्श्वसंगीत, कॅमेरा, हजारोंचा जमाव, सगळं पॉलच्या बाजूने लावायचं आणि समतोलाला एका मुलीचा रागावलेला चेहरा ठेवायचा, हे मला पटत नाही.

फ्रँक हर्बर्टची कादंबरी १९६५ ची. तिच्यात पॉल फ्रेमेनांमध्ये दोन वर्षांहून जास्त काळ राहतो. चानीपासून त्याला मुलगा होतो, तो मारला जातो. बहीण आलिया जन्माला येते, ती जन्मतःच जाणती, आणि हार्कोनेनांच्या प्रमुखाला, बॅरनला, तीच संपवते. सिनेमात जेसिका शेवटपर्यंत गरोदरच आहे, म्हणजे सगळा मामला नऊ महिन्यांच्या आत उरकला. पिढ्यान्‌पिढ्या लढणारी जमात इतक्या दिवसांत एका परक्या पोरामागे मरायला तयार होते? अट्रायडीसांचा सल्लागार थुफिर हावत या भागात नाहीच. स्पाइस नेमकं कशासाठी लागतं, तेही या भागात विसरून जायला होतं. मग शेवटी सगळी मोठी घराणी एका धमकीने का हादरतात, ते नव्या प्रेक्षकाने कसं समजायचं?

वडाळेकर

पुस्तकवाली, हर्बर्टलाही वाचकांनी पॉलला सरळ नायक मानल्याची खंत होती. म्हणून तर १९६९ मध्ये 'ड्यून मसीहा' आली. विलनव्हने तेच ओळखून चानीला संशयी केलं. मूळ कादंबरीतली चानी शेवटपर्यंत पॉलच्या पाठीशी आहे. मग हा बदल लेखकाच्या मनातलंच अधिक स्पष्ट करतो ना? आणि आलियाबद्दल: १९८४ च्या डेव्हिड लिंचच्या सिनेमात सुरा घेतलेली छोटी मुलगी दाखवली होती. ती मला तरी पडद्यावर पेलली नाही. पोटातल्या गर्भाशी बोलणारी आई जास्त भेदक वाटली.

चाळकरी

तुम्ही दोघं पॉलवर भांडताय. मी पाण्याबद्दल लिहितो.

सुरुवातीलाच फ्रेमेन मेलेल्या हार्कोनेन सैनिकांच्या अंगातलं पाणी यंत्राने ओढून घेतात. पिण्याच्या लायकीचं नाही, पण टाकतही नाहीत. पुढे फ्रेमेन टोळीचा प्रमुख स्टिलगर जेसिकाला गुहेतला तलाव दाखवतो. त्यात त्यांच्या मेलेल्या माणसांचं पाणी साठवलेलं. तहानेने प्राण गेला तरी त्याला हात लावायचा नाही, एक दिवस ग्रह हिरवा करायचा आहे. मी त्या प्रसंगाला खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो.

लहानपणी आमच्याकडे नळ पहाटे साडेचारला यायचा आणि तासाभरात जायचा. आजी आदल्या रात्रीच पिंप घासून पालथं घालून ठेवायची. नळ आधी सूं सूं करायचा, मग गढूळ थुंकी टाकल्यासारखं करायचा, मग धार लागायची. त्या पहिल्या गढूळ पाण्याचीही बादली वेगळी, ती मोरीसाठी. तांदळाचं धुवण तुळशीला. कुणी तांब्याभर पाणी उगाच ओतलं तर आजी बोलायची नाही, नुसती बघायची. स्टिलगरच्या नजरेत मला ती नजर दिसली.

आणि मुंबईला पाणी येतं कुठून? सात तलावांतली विहार आणि तुळशी शहरातली. बाकीची पाच ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांकडची. शहापूर तालुक्यात तानसा, भातसा भरलेली असतात आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन चालतात, टँकरची वाट बघतात. ज्याच्या जमिनीत संपत्ती त्याच्याच घशाला कोरड, हे समजायला आपल्याला अराकिसला जावं लागत नाही. पुस्तकवाली विचारतात, नऊ महिन्यांत लोक कसे वळले. ताई, ते नऊ महिन्यांत वळलेले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या वाट बघणारी माणसं आहेत ती. त्यांना फक्त कुणीतरी 'आता' म्हणायला हवं होतं.

पुस्तकवाली

चाळकरी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आजीचं पिंप डोळ्यांसमोर आलं. पण तुम्ही माझाच मुद्दा पक्का केलात.

कादंबरीत तो तलाव म्हणजे एक योजना आहे. ग्रहाचा अभ्यास करणाऱ्या काइन्स बापलेकांनी हिशेब मांडलेला: किती पाणी साठवायचं, कुठल्या वनस्पती आधी लावायच्या, वाळू कशी बांधायची, किती पिढ्या लागतील. आपल्या हयातीत हिरवळ दिसणार नाही हे माहीत असूनही फ्रेमेन ते करत राहतात. त्यांना कुणा तारणहाराची गरज नव्हती, त्यांच्याकडे स्वतःचं काम होतं! पॉलमुळे ते काम युद्धाच्या मागे पडतं, ही खरी शोकांतिका. पहिल्या सिनेमात काइन्सच्या तोंडी एक-दोन वाक्यं तरी होती. या भागात तलाव दिसतो आणि योजना गायब. उरतं काय? भाकीत. म्हणजे ज्या भाकिताविरुद्ध सिनेमाला बोलायचंय, त्याशिवाय फ्रेमेनांकडे दुसरं काही ठेवलेलंच नाही.

वडाळेकर

हे मान्य. याला माझ्याकडे उत्तर नाही.

गोरेगाव पूर्व

मी कादंबरी वाचलेली नाही, त्यामुळे जे दिसलं तेवढंच बोलतो. दृश्य म्हणून हा सिनेमा थोर आहे. हार्कोनेनांच्या ग्रहावरचा आखाडा आठवा. तिथला सूर्य काळा, म्हणून उघड्यावरची दृश्यं छायालेखक ग्रेग फ्रेझरने इन्फ्रारेड कॅमेऱ्याने टिपली. नुसता रंग काढून टाकलेला नाही, माणसांची कातडी मेणासारखी होते. आकाशातली आतषबाजी पाण्यात शाई सांडावी तशी पसरते. आणि वाळूखाली राहणाऱ्या त्या महाकाय वाळूकिड्यावरची पहिली स्वारी! पॉलच्या पायाखालची टेकडीच ढासळते, तो घसरत जाऊन आकडे रुतवतो, पुढे कितीतरी वेळ नुसती वाळू आणि घरघर. छातीत हादरे बसतात. ध्वनी आणि दृश्य परिणाम, दोन्हींची ऑस्करं रास्त मिळाली.

पण पॉलचं मन बदलतं कुठे? पावणेतीन तासांचा सिनेमा, त्यात तो 'दक्षिणेला जाणार नाही' म्हणतो, मग जातो, विष पितो, उठतो तो वेगळाच माणूस. ज्या क्षणासाठी आपण इतका वेळ बसलो, तो घोटाबरोबर गिळला जातो. तिमोथी शालामे चांगला आहे, पण त्याला आतून मोडताना मला बघायचं होतं. शिवाय आमच्या थिएटरात एका शांत प्रसंगाच्या मधोमध कचकन मध्यंतर केलं. ज्या सिनेमाला मध्यंतर नाही, त्याला निदान श्वास घ्यायच्या जागी तरी कापा.

शिवडीकर

गोरेगाव, पॉलचं मन शोधू नका, स्टिलगरकडे बघा. सिनेमाचा खरा नायक हाविएर बार्देमचा स्टिलगर.

सुरुवातीला तो टोळीचा प्रमुख आहे. धोरणी, वाळू वाचणारा माणूस. पॉल म्हणतो, मी माहदी नाही. स्टिलगर लगेच म्हणतो, माहदी नम्र असतो, तो असंच म्हणणार. थिएटरात हशा. माझ्या पोटात मात्र गोळा आला, कारण हे वाक्य मी आमच्या वाडीत ऐकलं आहे. माझा एक काका एका बाबाच्या नादी लागला होता. गुण आला की बाबांची कृपा, नाही आला तर तुमची श्रद्धा कमी. कुठल्याही बाजूने पुरावा बाबाचाच. हिशेबनीस माणूस होता, दुकानाचा पै-पैसा चोख ठेवायचा. तरी गेला.

पण सिनेमा इथे थांबत नाही, म्हणून मला तो मोठा वाटतो. आपल्याकडे दाभोलकरांनी आयुष्य घातलं, त्यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. भोंदू बाबाला तो धरू शकतो, कारण बाबाचा चमत्कार खोटा असतो. पॉलचा चमत्कार खोटा नाही! त्याला भविष्य खरंच दिसतं. भाकीत बेने गेसेरिट या गूढ पंथातल्या बायकांनी पेरलेलं, म्हणजे बनावट, आणि तरी ते खरं ठरतं. अशा वेळी काय म्हणून नकार द्यायचा? चानीकडे पुरावा नाही, युक्तिवादही संपलेत. 'मी झुकणार नाही' एवढंच उरतं. पुस्तकवालींना तो नुसता रागावलेला चेहरा वाटतो, मला त्यात आमची काकू दिसते. सगळं घर बाबाच्या पाया पडत असताना ती ओट्यापाशी पाठ करून उभी राहिली होती.

पुस्तकवाली

शिवडीकर, काकूंना नमस्कार सांगा.

चेहऱ्याबद्दलचं वाक्य मी मागे घेते. योजनेबद्दलचं नाही. आणि अजून एक सलतं: माहदी, लिसान अल-गैब (तारणहाराचंच दुसरं नाव), हे सगळे शब्द अरबी संस्कृतीतून उचललेले, पण मुख्य फ्रेमेन भूमिकांमध्ये तिथल्या मातीतले कलाकार फारच थोडे. ज्यांच्या श्रद्धेची एवढी चिरफाड करायची, त्यांचे चेहरेही त्यात दिसायला हवे होते.

चाळकरी

याला मात्र जोरदार अनुमोदन.

वडाळेकर

परवाचं राहिलंच सांगायचं. आईने हिंदीत पाहिला. घराणी, सम्राट, स्पाइस, कशाचीच तिने फिकीर केली नाही. शेवटी चानी वाळवंटात एकटी आकडे घेऊन किड्याची वाट बघत उभी राहते, चेहरा भरून आलेला, पण रडत नाही. आईने भाजी निवडता निवडता हात थांबवले आणि विचारलं, "ती पोर आता जाईल कुठे?"

पुस्तकवाली

तुमच्या आईंनी बरोबर जागी बोट ठेवलं. कादंबरीत ती कुठेच जात नाही, आणि 'मसीहा'ची सगळी कथा ती पॉलजवळ असण्यावर उभी आहे. विलनव्हने तिला वाळवंटात एकटं पाठवून तर दिलं. आता तिसऱ्या भागात तिला परत आणायची तर तिची मान न झुकवता कशी आणणार, ते मला पहिल्या दिवशी पहिल्या शोला जाऊन बघायचंय.