बायण्याची वस्ती गेली, त्यातला पैसा कुठे गेला?

मुरगावकर (प्रश्न)
जून 2004 मध्ये गोव्यात वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरील देहविक्रयाची वस्ती सरकारने पाडली, तेव्हा मी शाळकरी होतो. पावसात भिजलेले पत्रे, गाद्यांच्या वळकट्या आणि वाळूत आडवे पडलेले एक शिलाई मशीन एवढेच डोळ्यांसमोर आहे. गावावरचा डाग गेला, असे घरी सांगण्यात आले. आज हिशेब तपासण्याचे काम करताना वेगळाच प्रश्न पडतो: तिथे रोज फिरणारा पैसा कोणाच्या हाती जात होता, आणि वस्ती गेल्यावर धंदा थांबला की केवळ वाटेकरी बदलले? नीतीची चर्चा पुष्कळ झाली आहे, म्हणून कृपया पैशाविषयी लिहावे.

निवृत्त टपालवाला
मी तेव्हा वास्कोत मनीऑर्डरच्या खिडकीवर होतो. बंदर, खनिजाचे ट्रक आणि बोटींवरचे खलाशी यांमुळे बायण्यात गिऱ्हाईक होते, आणि तिथल्या बऱ्याच बायका कर्नाटक व आंध्रातून आलेल्या होत्या. त्यांतली एक दर सोमवारी रुमालात बांधलेल्या नोटा घेऊन येई. तिला लिहिता येत नसल्यामुळे फॉर्म मी भरत असे. पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून ती एका किराणा दुकानाचा पत्ता सांगे आणि संदेशाच्या रकान्यात 'मुलाला शाळेतून काढू नका' एवढेच लिहायला लावी. तिच्याच तोंडून ऐकले की कमाईतला निम्मा वाटा घरवालीचा, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईचा, उरलेल्यातून खोलीचे भाडे जायचे आणि बापाने घेतलेल्या उचलीचे व्याजही फिटायचे. म्हणजे मनीऑर्डर हा हिशेबाचा शेवटचा, सर्वांत लहान आकडा होता. (त्या मुलाचे पुढे काय झाले, हे विचारायचे राहूनच गेले.)

वकील, मडगाव
वाटेकरी का टिकतात, याचे एक कारण कायद्यातच आहे. 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्यानुसार प्रौढ स्त्रीने स्वतःहून केलेला देहविक्रय हा गुन्हा नाही. परंतु कुंटणखाना चालवणे, त्या कमाईवर जगणे आणि सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणे हे गुन्हे आहेत. कमाईवर जगणाऱ्यांत दलाल येतो, तसाच तिचा अठरा वर्षांवरील मुलगाही येऊ शकतो. उघडपणे भाडेकरार करता येत नाही, म्हणून घरमालक जोखमीचे पैसे भाड्यातच लावतो. 19 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांना पोलिसांनी सन्मानाने वागवावे आणि पत्त्याच्या पुराव्याचा आग्रह न धरता त्यांना आधार कार्ड द्यावे, असे आदेश दिले. त्यासाठी राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकाचे प्रमाणपत्र चालते. तुमच्या हिशेबात हे बसवा, कारण खाते नसलेल्या बाईचा पैसा नेहमी दुसऱ्याच्या पेटीत असतो.

आरोग्य कार्यकर्ती
वस्ती असताना आम्हाला दारोदार जाता येत असे. पुढे काम भाड्याच्या खोल्यांत आणि लॉजवर गेले, बोलावणे फोनवरून होऊ लागले आणि आरोग्याची माहिती व निरोध पोहोचवणे अवघड झाले. दलालाचा वाटा कमी झाला असे मात्र एकीनेही मला सांगितलेले नाही.

सांकवाळची एक वाचक
पैशाचाच हिशेब मांडायचा, तर फसवून आणलेल्या अल्पवयीन मुलींना, काही जण म्हणतात तसे, या बाजारातले 'कामगार' म्हणणे मला पटत नाही. ती वस्ती बंद होणे मला योग्यच वाटते. आक्षेप आहे तो नंतरच्या पुनर्वसनाच्या सोयीवर. 'अर्ज' (ARZ) नावाच्या संस्थेने या धंद्यातून सुटून आलेल्या स्त्रियांसाठी स्विफ्ट वॉश ही लॉन्ड्री उभी केली, ती मला महत्त्वाची वाटते, कारण तिथे महिन्याचा पगार मिळतो. उचल फेडायची असलेल्या बाईला शिवणकामाचे प्रमाणपत्र देऊन काय उपयोग?

मुरगावकर
सर्वांचे आभार. सांकवाळच्या बाई, मी वाळूत पाहिलेले शिलाई मशीन आता निराळेच दिसू लागले आहे. टपालवाले काका, ती उचल साधारण किती असे, आणि ती कधी पूर्ण फिटलेली तुम्ही पाहिलीत का?

निवृत्त टपालवाला
रक्कम तिने कधी सांगितली नाही. मी बदलून जाईपर्यंत ती सोमवारी येतच होती.