मदत हवी आहे : इओसीन काळातला आर्क्टिक लॅपटॉपवर तापत नाहीये

नमस्कार मंडळी, मी जळगावचा. पुतणीच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी आम्ही सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीच्या आर्क्टिकचं हवामान संगणकावर चालवून बघतोय. हॅम्बुर्ग विद्यापीठाचं प्लासिम हे हवामानाचं मॉडेल घेतलंय. फुकट आहे, आणि टी21 जाळीत, म्हणजे सगळी पृथ्वी 64 बाय 32 चौकटींत विभागून, साध्या लॅपटॉपवरही मुकाट चालतं.

घोडं अडलंय ते हिवाळ्यात. कार्बन डायऑक्साइड 1120 पीपीएम केला, म्हणजे औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या 280 च्या चौपट, तरी जानेवारीत ध्रुवाभोवती सगळं गोठलेलंच. आणि तिकडे कॅनडाच्या एल्समीअर बेटावर त्या काळातल्या मगरीच्या जातभाईंचे, कासवांचे जीवाश्म सापडलेत! त्यांना असला हिवाळा कसा झेपणार? बड्या मॉडेलांनाही हे दुखणं होतंच. ढगांचं गणित सुधारल्यावर काहींची उत्तरं जवळ आली, एवढं वाचलंय. पण आमच्याकडे आधी साध्याच गोष्टी तपासायला हव्यात असं वाटतं.

ग्रीनलँड, अंटार्क्टिकाचा बर्फ काढला की तिथली उंची आणि जमिनीची परावर्तकता दोन्ही हातानं बदलावी लागते का? प्राचीन खंडांचा नकाशा इतक्या जाड जाळीवर उतरवताना अरुंद सामुद्रधुनी बुजतात, त्या उघडायच्या की सोडून द्यायच्या? समुद्र नुसता वरच्या थराचा ठेवलाय, त्यात प्रवाह नाहीत, मग आजच्या प्रवाहांवरून काढलेली उष्णतेची दुरुस्ती बंद करायची ना?

शिवाय इथं दुपारी लाइट जाते, बॅटरीही दगा देते. मध्येच तुटलेला रन पुढून सुरू करायची खात्रीची पद्धत कुणी सांगेल का? चालती सेटिंग फाइल कुणाकडे असेल तर फारच उत्तम. बाहेर 44 अंश असताना ध्रुवावरच्या थंडीशी झगडतोय, तेव्हा जरा लवकर कळवा.