मदत हवी आहे: प्रीकास्ट कारखान्यासाठी सॉफ्टवेअर, मालाचं वय सांभाळणारं

नमस्कार मंडळी,

डिचोली तालुक्यात आमचा लहानसा प्रीकास्टचा, म्हणजे साच्यात ओतून काँक्रीटचा तयार माल बनवायचा, कारखाना आहे. बाबांनी सुरू केला, आता हिशोब, बिलं, बँक आणि ऑर्डरी मी बघते. आरसीसी पाइप, कंपाउंड वॉलचे पोल आणि प्लेटा, पेव्हर, चेंबर, गटाराची झाकणं असा माल आहे. गिऱ्हाईक बहुतेक गोव्यातलंच, थोडं सावंतवाडी-बांद्याकडचं. पूर्वी इथे कुंपण म्हणजे चिऱ्याचा गडगा. आता चिऱ्याचा आणि गवंड्याचा खर्च बघून लोक प्लेटांकडे वळलेत, त्यामुळे काम वाढलं आणि आमची कागदपत्रं मागे पडली.

सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलंय. कोणतं, ते ठरत नाही. आधी घडलेलं सांगते, म्हणजे मी नेमकं काय शोधतेय ते कळेल.

गेल्या मे महिन्यात एका कंत्राटदाराला पावसाआधी ६०० मिमीचे एनपी-३ पाइप (दाबाशिवाय पाणी वाहून नेणाऱ्या पाइपांचा एक वर्ग) हवे होते. आमच्याकडे पाइपवर कास्टिंगची तारीख खडूने लिहायची पद्धत होती. क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून मुरवायला, वर ओलं गोणपाट टाकतो, पाणी मारतो. त्या गोणपाटाखाली खडू पुसला गेला. यार्डात दोन रांगा शेजारी शेजारी, एक महिन्याभराची, दुसरी अकरा दिवसांची. बघायला दोन्ही सारख्याच राखाडी. हायड्रा क्रेनवाल्याने जवळची उचलली. साइटवर उतरवताना तीन पाइपांच्या तोंडाला तडे गेले. तिथल्या इंजिनियरने विचारलं, हे कधीचे, त्या दिवशीच्या क्यूबचा (त्याच काँक्रीटचा ठोकळा, दाबून ताकद तपासायचा) रिपोर्ट दाखवा. रिपोर्ट आमच्याकडे होता, ७ दिवसांचा आणि २८ दिवसांचाही. पण कोणता रिपोर्ट कोणत्या पाइपचा, हे दाखवता येईना. सगळा लॉट अडकला, चांगले पाइपसुद्धा. बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. एवढ्या वर्षांत मालावरून कुणी बोट दाखवलं नव्हतं.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी आहे: यार्डातला प्रत्येक नग किती दिवसांचा आहे ते मला ऑफिसात बसून दिसलं पाहिजे, आणि कच्चा नग चलनावर (माल पाठवतानाच्या कागदावर) चढताच कामा नये.

सध्या हिशोब टॅलीत आहे, स्टॉक एक्सेलमध्ये, आणि रोजचं कास्टिंग सुपरवायझरच्या वहीत. ती वही तो सिमेंटच्या पिशवीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतो. माणूस अतिशय प्रामाणिक, कर्नाटकातला, नोंद कन्नडमध्ये. तो चवथीच्या आधी गावी गेला की आठवडाभर वहीतलं कुणालाच वाचता येत नाही.

मागच्या वर्षी एका विक्रेत्याकडून 'मॅन्युफॅक्चरिंगचं पॅकेज' घेतलं होतं. डेमोत छान दिसलं. प्रत्यक्षात असं निघालं की सिमेंट, खडी, क्रश सँड, सळी खर्ची टाकली की त्याच क्षणी तयार माल स्टॉकमध्ये जमा. बिस्किटांना ते चालत असेल. आमचा माल साच्यातून निघतो तेव्हा अर्धाच तयार असतो. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ४५६) साध्या सिमेंटला किमान ७ दिवस ओलं ठेवायचं, मिश्र सिमेंटला १०, आणि ताकद मोजायची २८ व्या दिवशी. सॉफ्टवेअर मात्र आज सकाळी ओतलेला पाइप दुपारी विकायला मोकळा दाखवायचं. विक्रेत्याला सांगितलं तर म्हणाला, तुम्ही एंट्रीच २८ दिवसांनी करा. मग महिनाभर सिमेंट कुठे गेलं म्हणून स्टॉक जुळेना. चार महिन्यांत बंद केलं, पैसे गेले.

दुसरी अडचण साच्यांची. समजा पाइपचे ६ साचे आहेत. एका साच्यातून दिवसाला एकच नग निघतो. १२० नगांच्या ऑर्डरला कास्टिंगचेच २० दिवस, त्यावर शेवटच्या नगाचे २८. म्हणजे पूर्ण ऑर्डर ४८ व्या दिवशी, रविवार आणि सणाच्या सुट्ट्या वेगळ्या. सिमेंट-सळी भरपूर आहे एवढं बघून तारीख देणारं सॉफ्टवेअर मला खोटी तारीख देणार, आणि त्या तारखेवर मी गिऱ्हाइकाला शब्द देणार.

मोजमापाचंही सांगते. गिऱ्हाईक कंपाउंड वॉल रनिंग मीटरमध्ये मागतो. दोन पोलांत २ मीटर अंतर आणि एकावर एक सहा प्लेटा धरल्या, तर ५० मीटरच्या सरळ भिंतीला २६ पोल आणि १५० प्लेटा लागतात. कोपरा आला, मध्ये गेट आलं की पोल बदलतात. पेव्हर विकतो चौरस मीटरने, यार्डात मोजतो नगाने, आणि काँक्रीट लागतं घनमीटरने. ६० मिमी जाडीला एका घनमीटरात जेमतेम १६ चौरस मीटर निघतो. वर ट्रक भरताना टन बघायचे. हे सगळं माझ्या डोक्यात आणि एका एक्सेलमध्ये आहे. मी आजारी पडले तर कोटेशन निघत नाही.

सरकारी कामांच्या बिलांत २ टक्के जीएसटी टीडीएस कापला जातो, कंत्राटदार रिटेन्शन धरतो, म्हणजे बिलातली काही रक्कम राखून ठेवतो, ते पैसे कुणाकडे किती अडकलेत ते एका जागी दिसायला हवं. सीमेपलीकडे माल गेला की आयजीएसटी आणि ई-वे बिल. आमची उलाढाल ५ कोटींच्या आत आहे पण काठावर. ओलांडली की ई-इन्व्हॉइस लागेल, त्याचीही सोय हवी.

लोकांनी सुचवलेली नावं: ईआरपीनेक्स्ट, ओडू, झोहो (धंद्याचा सगळा कारभार सांभाळणारी सॉफ्टवेअरं), किंवा आहे ती टॅलीच आणखी वापरायची. टेक्लाचं नावही एकाने घेतलं, पण ते मोठ्या बीम-स्लॅबच्या ड्रॉइंगचं काम, आमचं तसं काही नाही.

प्रीकास्ट, पेव्हर, विटा, टाइल्स अशा वाळवायच्या-मुरवायच्या धंद्यात कुणी यातलं काही वापरलंय का? यार्डातून नोंद कोण करतं? सुपरवायझरचे हात दिवसभर सिमेंटने भरलेले, फोनची स्क्रीन बोटाला दाद देत नाही. पावसात आमच्याकडे वीज आणि नेट दोन्ही जातं, तेव्हा क्लाउडवालं कसं चालवता? वर्षाला लाखभर रुपये घालायची तयारी आहे, पण पुन्हा चूक परवडणार नाही.

प्रतिसाद १

ताई, आमची कुडाळला पेव्हर आणि कर्बस्टोनची युनिट आहे. तुमचा अकरा दिवसांच्या पाइपचा प्रसंग वाचून पोटात गोळा आला. आम्ही ७० मिमीचे ब्लॉक असेच कच्चे पाठवले होते.

लगेच नवीन काही घेऊ नका. टॅलीत दोन गोदामं उघडा, एक 'क्युरिंग' आणि एक 'तयार'. मॅन्युफॅक्चरिंग जर्नल (कच्चा माल खर्ची, तयार माल जमा अशी टॅलीतली नोंद) करताना माल क्युरिंग गोदामात घ्या. बॅच चालू करा, बॅचचं नाव म्हणजे कास्टिंगची तारीख आणि साचा नंबर, आणि उत्पादनाची तारीख नोंदवा. २८ दिवस भरले आणि क्यूबचा रिपोर्ट बरा आला की स्टॉक जर्नलने 'तयार'मध्ये हलवा. सिमेंट त्याच दिवशी खर्ची पडतं, माल मात्र विकायला नंतर येतो. तुमच्या जुन्या पॅकेजमध्ये हीच मधली पायरी नव्हती. चलन 'तयार' गोदामातूनच करायचं ही शिस्त मात्र माणसांनी पाळायची.

तुटलेले नग रोजच्या रोज वेगळे दाखवा. आम्ही वर्षाअखेरीला एकदम काढायचो, तेव्हा तूटफूट कोणत्या पाळीत होते ते कधी कळलंच नाही.

नोंदीचं म्हणाल तर सुपरवायझरला फोन देऊ नका. त्याला फळा द्या. संध्याकाळी फळ्याचा फोटो ऑफिसला, एंट्री ऑफिसात. आकडे कुठल्याही भाषेत लिहू दे, साचा नंबर आणि नग एवढंच हवं. आणि खडू बंद करा. पत्र्याचं स्टेन्सिल आणि ऑइल पेंट, पाइपच्या आतल्या बाजूला, तोंडाजवळ. तिथे गोणपाट घासत नाही.

प्रतिसाद २

मी वेर्णा वसाहतीत एका कारखान्यात ईआरपीनेक्स्ट बघतो. वरच्या दादांचं पहिल्या टप्प्यासाठी बरोबर आहे. टॅलीत साच्यांचं वेळापत्रक मात्र येणार नाही. ईआरपीनेक्स्टमध्ये साच्यांचा गट म्हणजे एक वर्कस्टेशन धरता येतं आणि त्याची क्षमता ६ अशी देता येते. मग १२० नगांची ऑर्डर टाकली की ती २० दिवसांत पसरते. क्युरिंगचे दिवस वेगळे जोडावे लागतात. भिंतीच्या मापासाठी प्रॉडक्ट बंडल (एका नावाखाली ठरावीक नगांचा संच) वापरा, पण कोपऱ्याचे आणि गेटचे पोल हातानेच घाला. ते आपोआप करायच्या नादात आमचा एक महिना गेला.

सॉफ्टवेअर मुक्त आहे म्हणून फुकट पडेल असं धरू नका. सर्व्हर, बसवून देणारा माणूस, शिकवणी यांचे पैसे लागतात. डेमो घेताना विक्रेत्याचा नमुना डेटा बघूच नका. तुमच्या वहीचं एक पान द्या आणि म्हणा, आज ओतलेला पाइप मला उद्या विकून दाखवा. विकता आला तर तिथेच उठा. सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का, तेही त्याच बैठकीत करून घ्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल बाबांना वाचून दाखवलं. पेंटचा डबा त्यांनी आजच आणला. डिचोलीत पत्र्यावर आकडे कापून देणारा मिळाला, ० ते ९ चा संच करायला टाकलाय.

ठरवलंय ते असं. सोमवारपासून फक्त पाइप, टॅलीत दोन गोदामं, बॅचसकट. पोल-प्लेटा आणि पेव्हर तूर्त एक्सेलमध्येच राहू देत. दोन महिने हे टिकलं, म्हणजे किमान एक बॅच ओतण्यापासून चलनापर्यंत कागदावर अखंड दिसली, तरच साच्यांच्या वेळापत्रकासाठी ईआरपीनेक्स्टवाल्यांना बोलावणार. सुपरवायझरला फळ्याचं सांगितलं तर त्याने लगेच विचारलं, साच्यांना नंबर कोण घालणार? आमच्या साच्यांवर नंबरच नाहीत. उद्या वेल्डरला बोलावलंय.

एक राहिलं. क्यूब कोणत्या बॅचचा हे तुम्ही क्यूबवर कसं लिहिता? आमचे क्यूब २८ दिवस टाकीत बुडलेले असतात आणि मार्करचं लिहिलेलं टाकीतच पुसट होतं. कुणी ओल्या काँक्रीटमध्येच आकडा दाबत असेल तर कशाने दाबता, ते कृपया सांगा.